नदीची गळती

आमच्या खात्यानं नदीत पाणी सोडलं आहे आणि ते नदीसाठीच सोडलं आहे, हे वाक्य मी एका उन्हाळ्यात इतक्या लोकांना ऐकवलं की शेवटी शेवटी माझाच त्यावरचा विश्वास उडाला. बाकीच्यांचा तर मुळात बसलाच नव्हता.

धरणाखालच्या पहिल्या गावात पारावरच्या मंडळींनी ठरवून टाकलं की कोणीतरी मंत्री येणार आहे आणि त्याला कोरडी नदी दाखवायची नाही. दुसऱ्या गावात बातमी अशी होती की सिनेमावाले येत आहेत, हिरॉइन पाण्यात पडणार आहे. तिसऱ्या गावातल्या एका जाणत्या माणसानं मला बाजूला घेतलं, आवाज खाली आणला आणि विचारलं, धरणाला भेग पडली का, खरं काय ते सांगा, आम्ही गुरं हलवतो. पुढच्या गावात नदीकाठच्या घरातल्या एका म्हातारीनं वाहत्या पाण्याकडे पाहून हात जोडले आणि मला विचारलं, कोण वारलं? तिच्या हिशेबानं भर उन्हाळ्यात धरणाचं दार उघडलं म्हणजे कोणा मोठ्या माणसाची राख नदीत शिरवायची असणार. मी म्हटलं, माय, कोणी वारलं नाही, हे पाणी मासोळ्यांसाठी आहे, काठच्या झाडाझुडपांसाठी आहे, नदी जिवंत राहावी म्हणून आहे. तिनं माझ्याकडे फार मायेनं पाहिलं आणि आत वळून सुनेला सांगितलं, "बाईले ऊन लागलं वं. साखर-मिठाचं पाणी आण."

मी ते पाणी प्याले. माठातलं होतं, चांगलं थंड होतं. आणि ऊन खरंच लागलं होतं.

मी शाखा अभियंता आहे. या पदाचं काम सोपं असतं. वरून आलेलं खाली सांगायचं, खालून आलेलं वर सांगायचं, आणि दोन्हीकडून खाल्लेल्या शिव्या मधल्या मध्ये जिरवायच्या. शाळेत असताना मी नाटकात राणीचं काम करत असे. नोकरीत राणीला वाव नाही म्हणून मी नकलांवर आले. आमच्या साहेबांची नक्कल करते, साहेबांच्या साहेबांची करते, आणि मौद्याकडचे एक कास्तकार आहेत, जे पाण्यासाठी आधी रडतात आणि मग अर्ज देतात, त्यांची तर अशी करते की एकदा त्यांनी स्वतः ती दारात उभं राहून पाहिली आणि एक चूक सुधारून दिली. ऑफिसात मला नाटकी म्हणतात. मी ते पदकासारखं मिरवते.

पण त्या वर्षी मी दमले होते. आमच्या खात्यातला थकवा फाइलींचा नसतो आणि उन्हाचाही नसतो. तो नाही म्हणण्याचा असतो. शहराला पाणी हवं, कारखान्यांना हवं, संत्र्याला हवं, धानाला हवं, आणि धरण आहे तेवढंच आहे. रोज कोणाला तरी नाही म्हणायचं. तेही हसून, कारण ती माणसं खोटं बोलत नसतात. असं नाही म्हणता म्हणता माणसाचा चेहराच तसा होऊन जातो. एका लग्नाच्या पंगतीत वाढणारा मुलगा माझ्यासमोर येऊन, काही न विचारता, बासुंदी घेऊन पुढे निघून गेला. मी त्याला हाक मारून बासुंदी घेतली, पण त्याच्या मनात काय आलं असेल ते मला समजलं.

ज्या बाईला मी सगळ्यात जास्त वेळा नाही म्हटलं, ती नदीच्या खालच्या अंगाच्या, ढिवरांच्या एका गावातल्या मच्छीमार संस्थेची अध्यक्षीण. वयानं माझ्याच बरोबरीची, अंगानं काटक, आणि बोलणं असं की उकडलेलं अंडं सुरीनं कापावं. ती दोन बस बदलून शहरातल्या सदर भागातल्या आमच्या ऑफिसात यायची, कूलरच्या समोरची खुर्ची पकडायची, डबा उघडायची, जेवायची, आणि मग कामाचं बोलायची. उपाशीपोटी सरकारशी बोलू नये, असं तिचं म्हणणं होतं.

तिचं काम एकच होतं. त्यांच्या गावाशी नदीनं फार पूर्वी आपली वाट बदलली होती आणि जुनं वळण मागे सोडून दिलं होतं. विळ्याच्या आकाराचं लांबट पाणी, काठाला बाभळी आणि बेशरमाची झुडपं, हिवाळ्यात बदकं. नदी आणि वळण यांच्या मध्ये काठाला एक सखल खाच आहे. गावातले लोक तिला तोंड म्हणतात. नदीला गुडघाभर पाणी असलं की ते या तोंडातून वळणात शिरतं. धरण व्हायच्या आधी उन्हाळ्यातही नदीला एक धार असायची, त्यामुळे वळण कधी सुकत नसे. नदीतले मोठे मासे, मरळ, बाम, शिंगाळा, उन्हाळाभर तिथे दबा धरून राहत आणि पावसाळ्यात अंडी घालायला बाहेर पडत. धरणानंतर धार गेली. वळण दर वर्षी आधीपेक्षा लवकर आटायला लागलं. ते पूर्ण सुकलं तर बीज गेलं, आणि बीज गेलं तर संस्थेच्या जाळ्यांना काही काम उरत नव्हतं.

गावातले पुरुष एकेक करून बाहेर पडले होते. तिचा नवरा कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात कंत्राटी कामगार होता, तिथेच एक खोली घेऊन राहत होता आणि तिला ये म्हणत होता. ती जात नव्हती. त्या वर्षी होळीनंतर ती आली, जेवली, डबा बंद केला आणि म्हणाली, "मॅडम, एवढा उन्हाळा पाहतो. वळण सुकलं तं मी कळमेश्वरले जातो. मंग तुमाले बी तरास नाई."

धमकी असती तर मी तिची नक्कल करून हसले असते. पण ती थकलेल्या माणसाची माहिती होती. एका थकलेल्या बाईनं दुसऱ्या थकलेल्या बाईला दिलेली. मी तिला चहा पाजला आणि पहिल्यांदाच नाही म्हटलं नाही. पाहते म्हटलं. आमच्या खात्यात पाहते म्हणजे नाहीच असतं, हे तिलाही ठाऊक होतं.

नेमकं त्याच वर्षी वरून आलं की पिण्याचं आणि शेतीचं भागल्यावर थोडं पाणी नदीसाठीही सोडायचं. त्याला नाव होतं पर्यावरणीय प्रवाह. आमच्या साहेबांनी ते नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्यांचा चेहरा डॉक्टरनं आजाराचं नाव सांगितल्यासारखा झाला. साहेब माणूस चांगला. बिनसाखरेचा चहा पिऊन पिऊन कडवट झालेला, पण चांगला. माझा त्या वळणाचा प्रस्ताव त्यांच्या टेबलावर कधीचा पडला होता. त्यांनी तो वर काढला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि सांगितलं, सोडा, पण थेंबभर वाया गेलं तर मला तोंड दाखवू नका. मी विचारलं, सर, नदीला दिलेलं पाणी वाया जातं म्हणजे नेमकं कुठे जातं? त्यांनी प्रस्तावावर सही केली. मग म्हणाले, जा तुम्ही.

आम्हाला पाणी सोडायचं माहीत आहे ते कालव्यात. कालवा ही आज्ञाधारक वस्तू आहे. दार उघडायचं, भरपूर सोडायचं, शेवटच्या शेतापर्यंत दामटायचं, पाळी संपली की दार बंद. नदीशी असं वागलं तर रेती सगळं पिऊन टाकते, आणि रेती उपसून केलेले खड्डे उरलेलं. म्हणून मी भांडून दार थोडंसंच उघडायला लावलं, पण बरेच दिवस. आणि पाण्याबरोबर मी खाली निघाले.

कोरड्या नदीत येणारं पाणी कोणी पाहिलं नसेल तर त्यानं आयुष्यात एकदा पाहावं. ते वाहत नाही, चालत येतं. गुडघे दुखणाऱ्या माणसासारखं. त्याच्या टोकाला मळका फेस असतो, फेसापुढे वाळकी पानं, बाभळीच्या शेंगा, एखादी चप्पल. त्याही पुढे मुंग्या, किडे, विंचू, सगळे जीव घेऊन पळत असतात, आणि मागून बगळे, वरातीत नाचावं तसे, एकेक टिपत येतात. खड्डा आला की पाणी त्यात उतरतं आणि दिसेनासं होतं. आपण काठावर बसून वाट पाहायची. खूप वेळानं खड्डा भरतो, पाणी कड ओलांडतं आणि पुन्हा चालू लागतं. मी दुपट्टा तोंडाला गुंडाळून, पर्समध्ये कांदा ठेवून, ही वरात पाहत होते आणि लहान मुलीसारखी खूष होते. रोज संध्याकाळी घरी जाऊन अंथरुणावर पडले की मात्र वाटायचं, हे सगळं मला आता झेपत नाही.

माझ्या हाताखाली दोन पाटकरी दिले होते. पाटकरी म्हणजे कालव्यावरचा माणूस. पाणी चोरीला जाऊ न देणं, फुटू न देणं, गळू न देणं, हे त्याचं काम. त्यातला धाकटा मोटरसायकल चालवायचा आणि थोरला मागे बसून काठावरच्या कास्तकारांना मोटारपंप टाकू नका म्हणून समजवायचा. थोरला निवृत्तीला आला होता. सकाळी जय भीम मॅडम म्हणून उभा राहायचा तेव्हा त्याच्या शर्टाला इस्त्री असायची, भर मे महिन्यात. हा माणूस कालव्याच्या काठानं चालता चालता माझ्याशी बोलत असला तरी त्याची टाच स्वतंत्रपणे काम करत असे. खेकड्याचं बीळ दिसलं की टाच पडलीच. बोलणं तुटत नसे, बीळ बुजलेलं असे.

मी त्याला सगळं समजावलं होतं. धरणाच्या भिंतीवर उभी राहून, हातवारे करून, नदी झाले, मासा झाले, वळण झाले. त्यानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पाळी कोणाची म्हणता मॅडम?"

"नदीचीच."

"मंग शेवटचा कास्तकार कोन?"

"मासे, काका."

त्यानं मान डोलावली. साहेब लोक काही बोलले की डोलवायची ती मान.

पाणी वळणाच्या जवळ पोचायला आलं त्या दिवशी मला सदरला आढावा बैठकीत बसावं लागलं. बैठकीत मी तुमच्यापासून काय लपवू, फार रंगात आले होते. माझी पाळी आली तेव्हा मी आकडे वाचण्याऐवजी पाणी कसं चालतं ते दाखवलं, बगळा दाखवला, राख शिरवणारी म्हातारी दाखवली. मागच्या रांगेतले झोपेतून उठले. साहेबसुद्धा हसले. आणि माझा फोन थरथरला. अध्यक्षीण होती. मी बाहेर व्हरांड्यात आले.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "मॅडम," ती म्हणाली, "तुमी पाणी पाठवलं का पोलीस पाठवले? तुमच्या माणसाईनं माह्या वळणाच्या तोंडाले पोते लावून देल्ले."

मला आधी अर्थच लागला नाही. मग पुढचं तिनं सांगितलं. सकाळी पाणी तोंडापर्यंत चढलं, वळणाकडे वळायला लागलं, तेवढ्यात माझे दोन्ही पाटकरी मोटरसायकलवरून आले. नदीचं पाणी काठ फोडून बाजूला पळतंय हे त्यांनी पाहिलं. मग काय. त्यांनी गावातून रिकामी पोती आणली, रेती भरली आणि गळती बंद केली. बायकांनी अडवलं तर सरकारी काम आहे म्हणून सांगितलं.

मी आत जाऊन साहेबांच्या कानाशी वाकले आणि सांगितलं, सर, थेंब वाया जाऊ नये म्हणून आपल्या लोकांनी नदीला वळणात शिरू दिलं नाही. साहेबांचं लक्ष पुढच्या आकड्यांकडे होतं. म्हणाले, मग चांगलंच केलं की.

जीपमध्ये बसल्यावर मला हसू फुटलं, आणि ते थांबेना. ड्रायव्हर आरशातून पाहत होता. मौद्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या मागे पडल्या तेव्हा मी अजून हसत होते, आणि पुढे डांबरी संपून मुरमाचा रस्ता लागला तेव्हा हसू संपलं आणि नुसतं दमायला झालं. कारण मला आठवलं होतं की ठरल्याप्रमाणे परवाच धरणाचं दार खाली आलं होतं. मागून आता काही येणार नव्हतं. नदीत जे होतं तेवढंच, आणि तेही उतरायला लागलं असणार. मी साहेबांना फोन लावला, अजून एक दिवस मागितला. त्यांनी बैठकीतूनच, दबक्या आवाजात, शहराच्या पाण्याचं सांगितलं. नाही म्हणाले. त्यांचा आवाज माझ्यासारखाच होता.

पोचले तेव्हा ऊन कललं होतं, तापलेलं मात्र तसंच होतं. तोंडाशी मी जे पाहिलं त्याला मी आजही दाद देते. पोती एकावर एक, विटांच्या भिंतीसारखी सांधे चुकवून रचलेली. फटींमध्ये मळलेली काळी माती. मातीत खोचलेलं गवत, म्हणजे ती धुपू नये. कालव्यावर इतकी देखणी बांधणी मी कधी करून घेऊ शकले नव्हते. भिंतीच्या एका बाजूला गुडघाभर नदी. दुसऱ्या बाजूला भेगाळलेली जमीन, आणि लांब मध्यभागी वळणाचं उरलेलं हिरवट डबकं, ज्यात काहीतरी अधूनमधून उसळत होतं. भिंतीवर माझे दोन पाटकरी चिखलानं माखून बसलेले, थोरल्याच्या शर्टाची इस्त्री गेलेली, चेहऱ्यावर समाधान. आणि समोर अध्यक्षीण, हातात फावडं, मागे संस्थेच्या बायका. त्यांचं सकाळपासून चाललं होतं. तिनं एक पोतं काढायचं, थोरल्यानं परत लावायचं. मध्ये दोघांनी आपापले डबे खाल्ले होते, तेवढी विश्रांती.

मला पाहून थोरला उठला. "मॅडम, या बाईले तुमीच सांगा. अर्धी नदी इथून बाहेर जाऊन राहिली होती."

"बाहेर नाई गा," ती म्हणाली. "घरी जाऊन राहिली होती."

तो माझ्याकडे पाहू लागला. मी तोंडाकडे बोट केलं, डबक्याकडे केलं. या वेळी अभिनय केला नाही, अंगात उरलाच नव्हता. म्हटलं, काका, पाणी इथवर आणलं ते इथून आत जावं म्हणूनच. ही गळती नव्हती, हेच पोचायचं ठिकाण होतं.

त्यानं हाताची माती पँटला पुसली. त्याला शरम वाटली असं मला वाटत नाही, आणि वाटायचं कारणही नव्हतं. आयुष्यभर ज्या कामासाठी पाठ थोपटली गेली तेच काम त्यानं उत्तम केलं होतं. मी सांगितलेलं त्याच्या कानांनी ऐकलं होतं. हातांना कोणी सांगितलं नव्हतं. शेवटी त्यानं विचारलं, "म्हंजे आपण गळासाठीच सोडलं होतं?"

"गळण्यासाठीच, काका."

"काय दिवस आले जी," असं म्हणून तो खाली उतरला आणि त्यानं पहिलं पोतं स्वतः ओढलं.

मग कोणाला काही सांगावं लागलं नाही. काठावर नदीच्या ओलीची खूण पाण्याच्या वर दिसायला लागली होती. पाणी उतरत होतं ते सगळ्यांनीच पाहिलं होतं. बायका ओळीनं उभ्या राहिल्या आणि पोती हातोहात वर जायला लागली. मी सलवार खोचली आणि उतरले. माझी एक चप्पल चिखलानं घेतली, ती त्याच्याकडेच आहे. अध्यक्षीण माझ्या शेजारी होती आणि तिचं तोंड चालू होतं. धाकट्याला म्हणाली, एवढं मन लावून सासऱ्याच्या शेताचा बांध बांधला असता तर जमीन नावावर केली असती त्यानं. थोरल्याला म्हणाली, तुमच्या हाताची भिंत फोडायला जीव होत नाही, पण काय करता. तो म्हणाला, फोडा फोडा, मी रिटायरच होऊन राहिलो.

पाणी आत शिरलं तेव्हा आधी आवाज आला. भेगांमध्ये उतरताना ते सुस्कारे सोडल्यासारखं वाजत होतं. वळणाची जमीन किती तहानलेली होती ते तेव्हा कळलं. पाणी पुढे सरकायचं, थांबायचं, मुरायचं, पुन्हा सरकायचं. डबक्यापाशी पोचेल की नाही, हे कोणी मोठ्यानं विचारलं नाही. बायका नुसत्या बघत उभ्या होत्या, पदरानं वारा घेत. मग मातकट पाण्याची जीभ हिरव्या पाण्याला लागली, आणि डबक्यात एकदम हालचाल झाली. एक मरळ, हाताएवढी, उथळ पाण्यात पाठ बाहेर काढून प्रवाहाच्या दिशेनं निघाली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका बाईनं नाक पुसलं.

बराच वेळ गेला. आम्ही सगळे काठावर पसरलो. कोणीतरी अंबाडीचं सरबत आणलं होतं. मी आडवी होऊन आकाशाकडे पाहत होते आणि माझ्या मनात फक्त एवढंच होतं की आता मला कोणी उठवू नये.

थोरला मात्र पसरला नव्हता. तो तोंडाशी उकिडवा बसून पाण्यात पाहत होता. तिथे एक बाभळीचं पान तरंगत होतं. मघापर्यंत अशी पानं सरळ आत चालली होती. हे जागच्या जागी गोल फिरत होतं. नदी उतरत उतरत वळणाच्या पातळीला आली होती. आणि पाहता पाहता ते पान, अगदी हळू, बाहेरच्या दिशेला निघालं.

"अध्यक्षीणबाई," तो म्हणाला, "परत जाऊन राहिलं वं पाणी."

ती धावत आली. तिनं पानाकडे पाहिलं, मग पोत्यांच्या ढिगाकडे. तो उठून उभा राहिला होता. माझ्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. त्यानं तिला विचारलं, "लावू?"

"लाव ना गा. पाहून काय राहिला."

मी सगळ्या नोकरीत कधी कोणाला इतक्या आनंदानं काम करताना पाहिलं नाही. पोती आता उलट्या दिशेनं, ओळीनं खाली यायला लागली. या वेळी बायका माती मळत होत्या आणि धाकटा गवत खोचत होता. थोरला एकेका पोत्याला टाच मारून बसवत होता. अध्यक्षीण सांगत होती, इथून ओलं दिसून राहिलं, तिथून दिसून राहिलं. तो म्हणत होता, दिसते मले, दिसते. दिवेलागणीच्या आधी भिंत पुन्हा उभी होती, फक्त आता पाणी दुसऱ्या बाजूला होतं.

साहेबांचा फोन तेव्हाच आला. त्यांनी विचारलं, ती गळती बंद झाली का. मी म्हटलं, झाली सर, व्यवस्थित झाली. ते म्हणाले, छान, आणि मला म्हणाले की बगळ्याचा प्रसंग चांगला वठला होता.

वळण भरलं नव्हतं. अध्यक्षीण साडी खोचून मध्यापर्यंत चालत गेली, आणि पाणी तिच्या मांडीच्या वर गेलं नाही. पूर्वी तिथे माणूस बुडायचा. पुढे नवतपा होता, नऊ दिवसांची ती भट्टी, आणि त्यानंतर पाऊस कधी येईल ते कोण सांगणार. सकाळीच तोंड उघडं राहिलं असतं तर किती भरलं असतं, हा हिशेब तिथल्या प्रत्येकाच्या मनात आला असेल. थोरल्या पाटकऱ्यासमोर तो कोणी केला नाही. ती पाण्यात उभी राहून चारी बाजूंना पाहत होती. मी काठावरून विचारलं, काय वाटतं? ती म्हणाली, पुरलं तर पुरलं.

मग तिथेच उभी राहून तिनं ब्लाउजमधून फोन काढला आणि नवऱ्याला लावला. मला तिच्याच बाजूचं ऐकू येत होतं. "हाव, आलं... थोडंच आलं... नाई, मी नाई येत... अरे बावा, नाई म्हटलं ना... तूच ये रविवारी. जाळं शिवाचं हाय."

त्या वर्षी पाऊस उशिरा आला. वळण आटत आटत मधल्या खोलगट भागात घोट्याएवढं उरलं. काही मासे मेले. तिनं ते मला फोनवर सांगितलं, कोणते आणि किती मोठे, शोकसभेत बोलतात तसं. पण सगळे मेले नाहीत. नदी चढली तेव्हा संस्थेच्या बायकांनी पोती काढली आणि उरलेले बाहेर गेले. त्या हिवाळ्यात तिनं ऑफिसात डबा आणला तो दोघींचा होता, आणि त्यात काय होतं ते मी शाकाहारी शेजारणींच्या देखत खाल्लं.

नंतर एक वर्ष पाणी सुटलं, एक वर्ष सुटलं नाही. यंदाचं अजून ठरायचं आहे. मी पुन्हा टेबलांवरून टेबलांवर फिरते आहे, आवाज बसला आहे, नदी होऊन दाखवायचा कंटाळा येतो, तरी कोणी विचारलं तर होते. ती कळमेश्वरला गेली नाही. परवा येऊन गेली, कूलरसमोर बसली, जेवली. या उन्हाळ्याचं काय ठरवलं आहे ते तिनं सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. जाताना तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पाहते म्हटलं.